टालरवरची ढाल: जुनी जर्मन चांदीची नाणी आणि त्यांवरील कुलचिन्हांची पार्श्वभूमी

‘जर्मन सिल्व्हर’ म्हटले की मराठी घरात पूजेची तबके आणि निरांजने डोळ्यांसमोर येतात. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी मुळीच नसते. हे टिपण मात्र खऱ्या चांदीच्या नाण्यांविषयी, म्हणजे सोळाव्या शतकापासून जर्मन प्रदेशांत पाडल्या गेलेल्या टालर या मोठ्या नाण्याविषयी आणि त्याच्या कुळातील इतर नाण्यांविषयी आहे. या नाण्यांचा संग्रह करू लागलेला माणूस आधी त्यांच्या वजनाने आणि कोरीवकामाने भारावतो, आणि लवकरच त्याला एक प्रश्न छळू लागतो: एवढ्याशा चकतीवर इतक्या ढाली, इतके सिंह, गरुड, चाके आणि मुकुट कशासाठी? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शोभेत नसून हक्कात आहे. टालरवरची ढाल हा एक कायदेशीर दावा असतो, आणि तसा तो वाचला तरच नाणे बोलू लागते.

मध्ययुगात जर्मन बाजारपेठांत लहान, पातळ चांदीची नाणी चालत आणि मोठ्या व्यवहारांसाठी सोन्याचा गुल्डन वापरला जाई. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिरोल आणि सॅक्सनी येथील खाणींतून भरपूर चांदी निघू लागली. तेव्हा सोन्याच्या गुल्डनइतक्या मोलाचे एकच मोठे चांदीचे नाणे का पाडू नये, असा विचार पुढे आला. टिरोलचा आर्चड्यूक सिगिस्मुंड याने १४८६ मध्ये हाल येथील टांकसाळीत असे नाणे पाडले आणि १५०० च्या सुमारास सॅक्सनीनेही तोच मार्ग धरला. या नाण्याला जगभर गेलेले नाव मिळाले ते मात्र बोहेमियातील एका डोंगरी गावामुळे. योआखिम्सटाल, म्हणजे संत योआखिमचे खोरे, हे गाव १५१६ मध्ये वसले. आज ते चेक प्रजासत्ताकात असून याखिमोव्ह या नावाने ओळखले जाते. तेथील खाणींचे मालक असलेल्या श्लिक घराण्याने १५२० च्या आगेमागे तेथे मोठी नाणी पाडायला सुरुवात केली. लोक त्यांना ‘योआखिम्सटालर’ म्हणू लागले, पुढे त्याचे नुसते ‘टालर’ झाले, आणि याच शब्दापासून ‘डॉलर’ हा शब्द आला. याच गावच्या खनिजातून पुढे मेरी क्युरी यांनी रेडियम वेगळे केले.

श्लिकांचे नाणे जवळून पाहण्यासारखे आहे. एका बाजूला संत योआखिम उभा असून त्याच्या पायाशी श्लिक घराण्याची ढाल आहे. दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दोन शेपटांचा सिंह असून त्याच्याभोवती राजा लुडविगचे नाव आहे. संताभोवतीचा संक्षिप्त लॅटिन लेख उलगडला तर त्याचा अर्थ होतो: ‘श्लिक घराण्यातील स्टीफन आणि त्याचे बंधू, बासानोचे काउंट, यांचे कुलचिन्ह’. म्हणजे ही ढाल कोणाची आहे हे नाणे स्वतःच शब्दांत सांगते. राजाचा सिंह एकीकडे आणि खाणमालकांची ढाल दुसरीकडे, अशी ही सरळसरळ वाटणी होती. ती फार काळ टिकली नाही. बोहेमियाचे राजपद मिळालेल्या फर्डिनांड पहिल्याने १५२८ मध्ये नाणी पाडण्याचा हक्क काढून घेतला आणि श्लिकांची ढाल नाण्यावरून गेली.

या नाण्यांचा कस पवित्र रोमन साम्राज्याने, म्हणजे सम्राटाखालच्या जर्मन राज्यांच्या सैल संघाने, ठरवून दिलेला होता. कोलोनचा ‘मार्क’ हे सुमारे २३३.८६ ग्रॅमचे वजन त्यासाठी आधार मानले जाई, आणि १५६६ च्या ठरावानुसार एक मार्क शुद्ध चांदीतून नऊ राइशटालर (साम्राज्याचे प्रमाणित टालर) पाडायचे होते. त्यामुळे प्रत्येक नाण्यात सुमारे २६ ग्रॅम शुद्ध चांदी येई, आणि हीण धरून नाणे सुमारे २९.२ ग्रॅमचे भरे. आपल्या मापात हे अगदी अडीच तोळे होतात. जुना कलदार रुपया एक तोळ्याचा असे. तो हाती घेतलेल्या माणसाला टालरचा भारदस्तपणा निराळा समजावून सांगावा लागत नाही.

कस एकच असला तरी नाणी पाडणारे हात शेकडो होते. पवित्र रोमन साम्राज्यात नाणी पाडणे हा मुळात सम्राटाचा अधिकार होता, पण तो हळूहळू राजपुत्र, बिशप, मठ आणि स्वायत्त नगरे यांच्याकडे गेला. सम्राट निवडणाऱ्या सात निर्वाचकांचा हा हक्क १३५६ च्या सुवर्णपत्राने (सम्राटाच्या निवडणुकीचे नियम घालून देणाऱ्या फर्मानाने) पक्का केला. अशा स्थितीत बाजारात हाती आलेले नाणे कोणाच्या जबाबदारीवर पाडले आहे हे लॅटिन न येणाऱ्या माणसालाही कळणे आवश्यक होते, आणि ते काम ढालीने केले. चाक दिसले की माइन्झचा आर्चबिशप, तीन मुकुट दिसले की कोलोन शहर, पाइन वृक्षाचे फळ दिसले की आउग्सबुर्ग, किल्ली दिसली की ब्रेमेन आणि तीन बुरुजांचा किल्ला दिसला की हँबुर्ग, ही ओळख व्यापाऱ्यांना पाठ असे. नवख्या संग्राहकाने सुरुवात येथूनच करावी असे मला मनापासून वाटते, कारण एकेरी चिन्हे ओळखता आली की अनेक घरांच्या गुंतागुंतीच्या ढाली आपोआप सुटू लागतात.

ढाल वाचण्याचे दोन नियम आधी समजून घ्यावेत. पहिला असा की ढालीची उजवी आणि डावी बाजू ती धारण करणाऱ्याच्या दृष्टीने मोजली जाते, पाहणाऱ्याच्या नव्हे, आणि मानाची जागा धारण करणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे, असते. दुसरा नियम रंगांचा आहे. नाण्याला रंग नसतो, पण कुलचिन्हात रंगाला चित्राइतकेच महत्त्व असते. सतराव्या शतकात एक संकेत रूढ झाला आणि सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ च्या ग्रंथामुळे तो सर्वदूर पोहोचला. त्यानुसार उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा, उभ्या-आडव्या रेषांची जाळी म्हणजे काळा, ठिपके म्हणजे सोनेरी आणि कोरी जागा म्हणजे चांदी. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातील एखादे बव्हेरियन नाणे भिंगाखाली धरले, तर ढालीतले तिरपे चौकोन आळीपाळीने कोरे आणि बारीक आडव्या रेषांनी भरलेले दिसतात. तेच बव्हेरियाचे पांढरे-निळे. सोळाव्या शतकातील टालरवर हा संकेत मिळत नाही. तेथे रंग आधी माहीत असावे लागतात.

आता ज्या नाण्यांमुळे ‘ढाल म्हणजे दावा’ हे मला पहिल्यांदा नीट उमगले, त्यांच्याकडे वळतो. सॅक्सनीचा निर्वाचक योहान गेओर्ग पहिला याचे टालर संग्राहकांना तुलनेने सहज मिळतात. दर्शनी बाजूला चिलखत घातलेला निर्वाचक खांद्यावर तलवार टेकवून उभा आहे. ती तलवार शौर्याची खूण म्हणून तेथे नाही. सॅक्सनीचा निर्वाचक साम्राज्याचा महामार्शल असे आणि राज्याभिषेकाच्या वेळी सम्राटापुढे तलवार धरणे हे त्याचे पद होते. ढालीतल्या फुलीसारख्या दोन तलवारीही त्याच पदाच्या आहेत, आणि याच तलवारी पुढे माइसेनच्या चिनी मातीच्या भांड्यांवर खूण म्हणून आल्या. मागच्या बाजूला अनेक घरांची मोठी ढाल असून तिच्यात आडव्या पट्ट्यांवर तिरपा पर्णमुकुट असलेले सॅक्सनीचे मूळ चिन्ह आहे, आणि त्याच्या सोबतीला यूलिषचा सिंह, क्लेव्हेचे आरेदार चिन्ह आणि बेर्गचा सिंह आहेत. लेखातही ‘सॅक्सनी, यूलिष, क्लेव्हे आणि बेर्ग यांचा ड्यूक’ असे लिहिलेले आहे.

वस्तुस्थिती अशी की या तिन्ही प्रदेशांवर त्याची सत्ता कधीच नव्हती. ऱ्हाइनकाठच्या या प्रदेशांचा शेवटचा ड्यूक १६०९ मध्ये निपुत्रिक वारला. ब्रांडेनबुर्ग आणि फाल्त्स-नॉयबुर्ग या दोन घराण्यांनी मृत ड्यूकच्या बहिणींकडून आलेल्या नात्यावर वारसा सांगितला. सॅक्सनीने मात्र पंधराव्या शतकात सम्राटाने दिलेल्या वचनाचा आधार घेतला. १६१४ च्या झान्टेनच्या तहात पहिल्या दोघांनी प्रदेश वाटून घेतले आणि सॅक्सनीच्या पदरी काहीही पडले नाही. तरीही सॅक्सन टांकसाळी त्या ढाली पिढ्यान्‌पिढ्या कोरत राहिल्या, कारण नाण्यावरून ढाल काढणे म्हणजे दावा सोडल्याची कबुली ठरली असती. ब्रांडेनबुर्गच्या नाण्यावर आणि सॅक्सनीच्या नाण्यावर एकाच काळात क्लेव्हेची तीच ढाल दिसते. एकाकडे तिच्यामागे जमीन होती आणि दुसऱ्याकडे केवळ कागद. दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे त्या काळचा एक मोठा वाद तळहातावर येतो.

सगळीच नाणी इतकी कायदेशीर नाहीत. हार्त्स पर्वतातील चांदीवर समृद्ध झालेल्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांनी आपल्या टालरवर झाड हातात धरलेला, केसाळ ‘रानमाणूस’ आणला आणि तो शतकभराहून अधिक काळ तेथे राहिला. याच घराण्यातील ड्यूक आउगुस्ट याने १६४३ मध्ये व्होल्फेनब्युटेल शहर शाही सैन्याच्या ताब्यातून सुटल्याच्या आनंदात घंटेचे चित्र असलेल्या टालरांची मालिका काढली, आणि ती आजही ‘घंटा-टालर’ म्हणून ओळखली जाते. मान्सफेल्डच्या काउंटांच्या नाण्यांवर संत गेओर्ग अजगराला मारताना दिसतो. हे नाणे अंगावर असले की इजा होत नाही, अशी सैनिकांची श्रद्धा होती, त्यामुळे कडी लावून गळ्यात घातलेले मान्सफेल्ड टालर पुष्कळ सापडतात. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेसाठी कडी लावली जाते, तशीच ही कडी असे, आणि ती पुढे काढून कड घासलेली असली तरी भिंगाखाली डागाची जागा दिसतेच. खरेदीपूर्वी कडेवरून बोट आणि नजर दोन्ही फिरवावीत. अशा खुणेमुळे किंमत उतरते, पण नाण्याचे आयुष्य मात्र तिच्यातूनच कळते.

धर्मपीठांच्या नाण्यांत एक प्रकार मला विशेष प्रिय आहे. बिशप वारल्यावर नवा निवडला जाईपर्यंत सत्ता धर्मपीठाच्या सभेकडे असे, आणि त्या मधल्या काळातही नाणी पाडली जात. अशा कित्येक नाण्यांवर सभासदांच्या छोट्या ढालींचे कडेच कोरलेले असते. एकच धनी नाही, म्हणून ढाली सर्वांच्या.

स्वायत्त नगरांच्या टालरवर एका बाजूला शहराचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला सम्राटाचा दुतोंडी गरुड असे. हा गरुड १४३३ मध्ये सम्राट झालेल्या सिगिस्मुंडपासून साम्राज्याचे अधिकृत चिन्ह ठरला. गरुडाच्या छातीवर क्रूस असलेला गोल असतो, आणि अनेक नाण्यांवर त्या गोलात आकडा कोरलेला दिसतो. नवा संग्राहक त्याला वर्ष किंवा अनुक्रम समजतो, पण ती किंमत असते. २४ म्हणजे चोवीस ग्रोशन, ६० किंवा ७२ म्हणजे तितके क्रॉइत्सर; ही दोन्ही लहान नाणी.

ढालीवर विसंबून फसगत झाल्याचेही दाखले इतिहासात आहेत. प्रशियाच्या फ्रेडरिक दुसऱ्याने १७५६ मध्ये सॅक्सनी व्यापली आणि तेथील टांकसाळीत सॅक्सनी-पोलंडच्याच ठशांनी (सॅक्सनीचा निर्वाचक तेव्हा पोलंडचाही राजा होता) हीण मिसळलेली नाणी पाडली. चिन्ह एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता. तेव्हा सुरू झालेल्या सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६-६३) काळातील नाणे घेताना म्हणूनच वजनकाटा ढालीइतकाच महत्त्वाचा आहे.

या नाण्यांचा अभ्यासही जुना आहे. न्युर्नबर्गमध्ये १७२९ पासून योहान डाविड क्योलर हे इतिहासाचे प्राध्यापक दर आठवड्याला एका नाण्याचे किंवा पदकाचे चित्र आणि त्यामागची हकिकत छापून प्रसिद्ध करीत, आणि हा उपक्रम दोन दशके चालला. टालर वाचायचा असतो, हे वाचकांना आठवड्यामागून आठवडा दाखवणाऱ्या या प्राध्यापकांचे ऋण आम्हा संग्राहकांवर आहे.

मुंबईशी या कुळाचा संबंध आला तो ऑस्ट्रियाची राणी मारिया टेरेसा हिच्या नावाच्या टालरमुळे. अठराव्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांनी एक मार्क चांदीतून दहा टालर हा नवा कस ठरवला, आणि तेव्हाचे नाणे सुमारे २८ ग्रॅमचे झाले. आज बव्हेरियात असलेल्या ग्युन्त्सबुर्ग येथील टांकसाळीचे १७८० सालचे नाणे लेव्हांट (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा), अरबस्तान आणि इथिओपिया येथील व्यापाऱ्यांच्या इतके विश्वासाचे झाले की राणीच्या मृत्यूनंतरही तेच वर्ष आणि तोच ठसा कायम ठेवून ते पाडले जात राहिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, ब्रिटिशांनी ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडून घेतले. गरुडाच्या छातीवरील ढालीत हंगेरी, बोहेमिया आणि बर्गंडी यांच्यासोबत बुर्गाऊ या चिमुकल्या प्रदेशाचे चिन्ह आहे, कारण ग्युन्त्सबुर्ग त्याच प्रदेशात होते. त्या प्रदेशाची सत्ता केव्हाच संपली होती, तरी त्याची ढाल मुंबईत ठोकली जात होती.

१८०६ मध्ये साम्राज्य विसर्जित झाले आणि १८५७ च्या करारानंतर जर्मन राज्यांचा टालर ५०० ग्रॅम शुद्ध चांदीस तीस नाणी या समान कसावर आला. १८६६ मध्ये प्रशियाने हानोफर गिळले आणि तेथील प्रसिद्ध धावता घोडा नाण्यांवरून नाहीसा झाला. १८७१ नंतरच्या जर्मन साम्राज्यात एक टालर तीन मार्कांच्या (येथे मार्क म्हणजे वजन नव्हे, नवे चलन) बरोबरीचा धरला गेला. दोन, तीन आणि पाच मार्कांच्या चांदीच्या नाण्यांवर दर्शनी बाजूला राज्यकर्त्याचा चेहरा किंवा हान्झा नगराचे (हँबुर्ग, ब्रेमेन यांसारख्या जुन्या व्यापारी संघातील नगराचे) चिन्ह असे आणि मागे सर्वांसाठी एकच शाही गरुड. या गरुडाच्या छातीवर प्रशियाच्या गरुडाची ढाल आहे, आणि त्या गरुडाच्याही छातीवर प्रशियाच्या होहेनत्सोलर्न राजघराण्याची, तांदळाच्या दाण्याहून लहान, चौघरी ढाल आहे. साम्राज्य कोणाचे, हे याहून स्पष्ट लिहिता आले नसते.

१९१८ मध्ये राजघराणी गेली आणि गरुडाचा मुकुटही गेला. पश्चिम जर्मनीने १९५१ ते १९७४ या काळात पाच मार्कांचे चांदीचे नाणे पाडले. संग्राहक त्याला ‘रुपेरी गरुड’ म्हणतात. त्याचे वजन ११.२ ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याहून थोडे कमी, आणि चांदी हजारात ६२५ भाग. त्याच्या कडेवर ‘ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत, आणि गरुडाच्या छातीवर कोणाचीही ढाल नाही.