पास्त्यातली कोळंबी वातड का होते?

आमच्याकडून सोललेली कोळंबी नेऊन वाइन घातलेला पास्ता घरी करणारे ग्राहक वाढले आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र शनिवारी रात्री येणारे एकाच तक्रारीचे फोनही वाढले आहेत. कोळंबी वातड झाली, आक्रसून एवढीशी राहिली, म्हणजे माल शिळा होता का, असे विचारले जाते. कृती कशी केली हे विचारल्यावर बहुतेक वेळा एकच चूक निघते, म्हणून तिच्याविषयी येथे सविस्तर लिहीत आहोत.

लसूण परतून कोळंबी टाकली जाते, तिच्यावरच वाइन ओतली जाते आणि वाइन आटेपर्यंत कोळंबी त्यात उकळत राहते. मध्यम आकाराच्या सोललेल्या कोळंबीला चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये प्रत्येक बाजूने एक ते दीड मिनिट पुरते, तर अर्धा कप वाइन निम्मी आटायला आणखी तीन-चार मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात कोळंबीतील प्रथिने आवळत जातात आणि आतले पाणी बाहेर पडते. मग माल सकाळचा असला तरी तो चिवटच लागणार. कालवणाला उकळी आल्यावर शेवटी कोळंबी सोडायची, हे ज्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही, त्याच घरांत पास्ता करताना ही चूक व्हावी, याचे आम्हाला नवल वाटते.

दोघांसाठी पाव किलो सोललेली कोळंबी आणि २०० ग्रॅम लिंग्विनी किंवा स्पॅगेटी पुरते. कोळंबी फडक्याने कोरडी टिपून, मीठ लावून, ऑलिव्ह तेलात मोठ्या आचेवर परतावी आणि तिचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा झाला की ताटलीत काढून ठेवावी. ‘ओ’सारखी गोल वळली, तर उशीर झाला असे समजावे. त्याच पॅनमध्ये आच कमी करून चार-पाच पाकळ्या चिरलेला लसूण व थोडी कुटलेली लाल मिरची परतावी, १२० मिलिलिटर वाइन ओतून ती निम्मी होईपर्यंत एकटीच आटवावी, मग उकडलेला पास्ता, त्याचे अर्धी वाटी पाणी आणि ३० ग्रॅम लोणी घालून हलवत राहावे. पास्त्याच्या पाण्यातील पिष्टामुळे लोणी वेगळे न होता रस मिळून येतो, म्हणून ते पाणी सगळे ओतून देऊ नये. कोळंबी आणि तिचा ताटलीत सुटलेला रस अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालावा; लिंबू त्यानंतर.

वाइन आम्ही पाकिटात का देत नाही, असेही विचारले जाते. आमच्याकडे मद्यविक्रीचा परवाना नाही, एवढेच त्याचे कारण आहे. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन या पदार्थाला चांगली लागते. शेनिन ब्लां घेताना मात्र लेबल वाचावे, कारण तिच्या काही बाटल्या गोडसर असतात आणि आटल्यावर तो गोडवा वाढतो. उकळल्याने मद्यार्क पूर्ण उडून जातो, हा समज खरा नाही. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांनी, तसेच मुलांसाठी करताना, वाइनऐवजी कोळंबीच्या डोक्यांचे व कवचांचे पाणी वापरावे. ती कवचे आम्ही मागणीनुसार वेगळ्या पिशवीत विनामूल्य देतो. दोन कप पाण्यात वीस मिनिटे उकळून गाळली की झाले. खरे सांगायचे तर, वाइन घालणाऱ्यांनीही त्यातले दोन-तीन चमचे घालून पाहावे.

आता वजनाविषयी. आमचा दर बाजारापेक्षा जास्त दिसतो, परंतु आम्ही कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून आणि पाणी निथळून मगच तोलतो. डोक्यासकट घेतलेल्या एक किलोतून साफ केल्यावर साधारण निम्मेच वजन हाती येते, हे ध्यानात घेऊन तुलना करावी.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आम्ही प्रामुख्याने शेततळ्यांत वाढवलेली, गोठवलेली कोळंबी देतो. ती आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. घाई असल्यास बंद पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास बुडवावी, गरम पाण्यात कधीही नाही. पास्त्यासाठी कोळंबी हवी असे मागणी नोंदवतानाच सांगितल्यास आम्ही एकसारख्या आकाराची निवडून देतो, म्हणजे सगळी एकाच वेळी शिजते. या निवडीचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.