पावणेदोन भागिले अर्धा : गणित शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

प्राथमिकच्या शिक्षकाला गणिताचं वेगळं प्रशिक्षण कशाला, हा प्रश्न फार काळ कुणाला पडलाच नाही. बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, थोडी भूमिती. एवढं तर कुणालाही येतं, अशी समजूत होती. मग प्रशिक्षणात पाठ टाचण काढा, वर्ग सांभाळा, फळ्यावर नीट लिहा, यावरच भर राहिला.

१९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि विज्ञान-गणितात आपण मागे पडलो या धास्तीने अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच वर्षी गणितज्ञ एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली शालेय गणिताचा नवा अभ्यासक्रम रचायला सुरुवात झाली. 'नवं गणित' म्हणून गाजलं ते हेच. लहान मुलांच्या पुस्तकांत संच आले, दहाऐवजी दुसरा पाया धरून संख्या लिहिणं आलं. शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरले, पण बहुतेक माध्यमिकसाठी. प्राथमिकच्या हाती बहुधा नुसतं पुस्तकच पडलं. सत्तरच्या दशकात हा प्रयोग ओसरला. गंमत अशी, की शिक्षकाने गणिताचे जास्त अभ्यासक्रम पूर्ण केले म्हणून त्याच्या मुलांना गणित जास्त येतं असं फारसं दिसत नाही, हे पुढे अभ्यासाअंती मांडलं ते याच बेगल यांनी.

मग शिक्षकाला यावं तरी काय? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याचं उत्तर मांडलं. विषयाचं ज्ञान वेगळं आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान वेगळं. त्याचा नेमका अर्थ मात्र गणित-शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकाने दाखवला. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, अमेरिकेतल्या निम्म्यांचंही नाही. उदाहरण रचताना तर अनेकांनी 'अर्ध्याने भागणे' याऐवजी 'अर्धं करणे' धरलं. पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे किती, असं विचारलं की साडेतीन हे उत्तर डोळ्यांना दिसतं. 'उलटा करा आणि गुणा' एवढंच पाठ असलेल्याला ती दोरी सुचत नाही. चीनमधले हे शिक्षक काही पदवीधर गणिती नव्हते. त्यांचं औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमीच होतं. पण शाळेतच एकत्र बसून पाठ्यपुस्तक बारकाईने वाचायची त्यांची रीत होती.

जपानमध्ये अशीच एक जुनी रीत आहे, जुग्यो केन्क्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एकच पाठ कित्येक आठवडे घडवतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांच्या वह्या बघतात. हातच्याच्या वजाबाकीचं पहिलं उदाहरण १३ वजा ९ घ्यावं की १२ वजा ७, यावरही चर्चा रंगते. वाद क्षुल्लक वाटतो, पण नाही. १३ वजा ९ मध्ये मूल दहातून नऊ काढतं, उरलेल्या एकात तीन मिळवतं. १२ वजा ७ मध्ये ते आधी दोन काढून दहावर येतं, मग पाच काढतं. उदाहरण बदललं की मुलाची वाट बदलते.

१९९९ मध्येच जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हिबर्ट या अमेरिकी शिक्षण-संशोधकांच्या पुस्तकामुळे ही रीत जपानबाहेर गाजली आणि अनेक देशांनी उचलली. माझ्या मते उचलताना घोळ होतो तो एका ठिकाणी : मागे उभे असलेले लोक वह्यांऐवजी शिक्षकाकडेच बघत बसतात, आणि अभ्यासाची तपासणी होऊन जाते.