व्हिया फेराटा

व्हिया फेराटा (इटालियन, अर्थ : लोखंडी वाट) म्हणजे कड्यावर कायमचे बसवलेले पोलादी तारदोर, खडकात रोवलेल्या सळ्या, शिड्या व पूल यांच्या आधाराने डोंगर चढण्याचा मार्ग. आल्प्समध्ये असे मार्ग 19व्या शतकातही होते. मात्र ते नावारूपाला आले डोलोमाइट डोंगरांत. पहिल्या महायुद्धात 1915 ते 1917 या काळात इटालियन व ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यांनी तिथे शिड्या आणि दोर लावले.

लोखंडी शिडीने डोंगर चढणे नागपूरकरांना नवे नाही. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातले भाविक पचमढीच्या नागद्वार यात्रेला अशाच शिड्या चढून जातात. तिथे सगळी भिस्त हातांच्या पकडीवर असते. व्हिया फेराटावर चढणारा सतत तारेला जोडलेला असतो.

हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, हातमोजे आणि दोन फाट्यांचा लॅनयार्ड (हार्नेसला तारेशी जोडणारी दोरी) एवढे साहित्य लागते. प्रत्येक फाट्याच्या टोकाला आपोआप बंद होणारा कॅराबिनर (खटक्याची धातूची कडी) असतो, तर हार्नेसच्या बाजूला झटका शोषणारी, शिवून घडी केलेली पट्टी. खरा जीव या पट्टीत आहे. उभ्या कड्यावर तार साधारण दर 3 ते 5 मीटरवर अँकरने (खडकात रोवलेल्या खिळीने) खडकाला जखडलेली असते. अँकरच्या 3 मीटर वर पाय निसटला, तर कॅराबिनर तारेवरून घसरत थेट त्या अँकरवर येऊन आदळतो. त्यात लॅनयार्डचा 1 मीटर धरला तर माणूस 4 मीटर पडतो आणि तो झटका 1 मीटरच्या लॅनयार्डवर येतो, म्हणजे पतनगुणांक (पडलेले अंतर भागिले झटका झेलणाऱ्या दोराची लांबी) 4. दोराने केलेल्या नेहमीच्या शिलारोहणात हा आकडा 2 च्या वर जात नाही. म्हणून साधी स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) इथे कधीही चालत नाही. ती ताणली जात नाही, तुटते किंवा माणसाला मोडते. शोषक पट्टीची शिवण टराटरा उसवत जाते आणि झटका लांबवते. एकदा उसवलेली पट्टी बाद.

युरोपच्या ईएन 958 मानकाच्या 2017 च्या आवृत्तीत वापरणाऱ्याचे वजन साहित्याशिवाय किमान 40 किलो आणि साहित्यासह कमाल 120 किलो धरले आहे. हलक्या मुलाच्या वजनाने शिवण नीट उसवत नाही, म्हणून त्याला वरून वेगळा दोर लावावा.

अँकरपाशी पोचल्यावर आधी पाय स्थिर करावेत. एक कॅराबिनर काढून अँकरच्या पुढच्या तारेवर लावावा, खटका बंद झालेला डोळ्यांनी पाहावा, मगच दुसरा काढावा. दोन्ही एकाच वेळी कधीही सुटे नकोत. दमलेला माणूस नेमका इथेच चुकतो. ही अदलाबदल आधी घरच्या जिन्याच्या कठड्यावर शंभरदा करून पाहावी. दोन अँकरांमध्ये एकच माणूस असावा. वरचा पडला तर खालच्यावरच येतो. मोकळा फाटा हार्नेसच्या मुख्य कडीत अडकवू नये, शोषक उलगडायचा थांबतो.

शोषक असला तरी पडणारा वाटेत सळ्यांवर आपटतो, हाडे मोडतात. त्यामुळे इथे पडायचेच नाही, हा पहिला नियम. गडगडाट ऐकू येताच तार सोडून सुरक्षित जागी उतरावे, कारण ती वीज वाहून नेते.

ऑस्ट्रियन पद्धतीत काठिण्य ए (सोपे) पासून ई पर्यंत मोजतात. नवख्याने ए किंवा बी निवडावा.

साहित्य नागपुरात ठेवताना गच्चीवरचे ऊन टाळावे, नायलॉन उन्हाने कमकुवत होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी तर मुळीच ठेवू नये; आम्लाने धागा कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही.