फुरशाच्या विषाने रक्ताचं पाणी होतं का?

फुरसं चावलं की रक्ताचं पाणी होतं, असं कोकणात कुणीही सांगेल. विष सुरुवातीला करतं ते मात्र नेमकं उलट. ते रक्त गोठवायला लागतं.

साप जेमतेम फूट-दीड फुटाचा. रत्नागिरीकडच्या सड्यावर जांभ्याचा दगड उचलावा, तर खाली त्याच रंगाचं वेटोळं पडलेलं आणि डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. फुरसं भक्ष्यामागे धावत नाही. पाल, बेडूक, विंचू, गोम टप्प्यात येईपर्यंत निपचित पडून राहतं. डिवचलं तर वेटोळी एकमेकांवर घासतं. कुशीचे तिरके खवले करवतीसारखे दातेरी असतात, त्यामुळे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो.

आता विषाकडे येऊ. जखम झाली की रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन थ्रॉम्बिन बनतं, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करतं. धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी. शरीर हे काम फार जपून करतं. एकेक घटक क्रमाने जागा होतो, कॅल्शियम लागतं, आणि सगळं जखमेपुरतंच. फुरशाच्या विषातलं इकॅरिन ही सगळी रांग ओलांडून थेट प्रोथ्रॉम्बिनला कापतं, कॅल्शियमचीही वाट पाहत नाही. त्यातून निघालेलं मायझोथ्रॉम्बिनही धागे विणतं, पण जखम नसलेल्या ठिकाणीसुद्धा. शरीर धागे विरघळवतं, विष नवे विणायला लावतं, आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच आटतो. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि थांबत नाही.

अशा माणसाला दंशावर ब्लेडने काप देणं किती भयंकर! मांत्रिकाकडे नेण्यातही तेच तास जातात. साप कधीकधी चावतो पण विष सोडत नाही. मांत्रिकाचं नाव होतं ते अशाच रुग्णांवर.

दवाखान्यातली तपासणी अगदी साधी आहे. 2 मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. रक्त ओघळलं, तर प्रतिविष द्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ते एकच चालतं. पण प्रतिविष फक्त विषाला थोपवतं. आटलेलं फायब्रिनोजेन यकृतालाच नव्याने बनवावं लागतं. त्याला वेळ द्यावा लागतो, म्हणून 6 तासांनी पुन्हा रक्त काढून नळी तिरकी करून बघतात.