आर्थिक साक्षरता, स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गांतील

स्थलांतरित व निर्वासित प्रौढांना इंग्रजी शिकवतानाच बँकेत खाते उघडणे, पगारपत्रक वाचणे, चेक लिहिणे, भाडेकरार समजून घेणे अशा व्यवहारांची तयारी करून घेण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वर्गांचा विचार केला आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहीजण तो पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे भरात आलेल्या अमेरिकीकरणाच्या, म्हणजे नवागतांना अमेरिकी रीतिभातीत मुरवण्याच्या, चळवळीत शोधतात. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे पीटर रॉबर्ट्‌स यांनी रचलेल्या पाठांत घरगुती व औद्योगिक पाठांबरोबर व्यापारी व्यवहारांची स्वतंत्र मालिका होती. फोर्ड कंपनीने १९१४ च्या सुमारास हायलंड पार्क येथे कामगारांसाठी इंग्रजी शाळा काढली. तीत भाषेबरोबर काटकसरीचेही धडे असत. मात्र पाच डॉलर रोजासाठी कामगार पात्र आहे की नाही हे ठरवायला कंपनीचे तपासनीस त्याच्या घरी जाऊन राहणी आणि बचत पाहत. या वर्गांचा भर व्यवहारज्ञानापेक्षा वळण लावण्यावर होता, म्हणून त्यांना पूर्वपीठिका म्हणणे अधिक योग्य.

दुसरे मत उगम १९७० नंतरच्या दशकात मानते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या प्रौढ-क्षमताविषयक प्रकल्पाने (१९७१–७५) प्रौढाला लागणाऱ्या ज्ञानाची पाच क्षेत्रे ठरवली. ग्राहक म्हणून करावे लागणारे आर्थिक व्यवहार हे त्यांपैकी एक. येथे धड्याचे एकक व्याकरणाचा नियम नसून पार पाडायचे काम होते. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस व कंबोडियातून आलेल्या निर्वासितांसाठी ‘निभाव लागण्यापुरते इंग्रजी’ शिकवणारे वर्ग निघाले, त्यांनी हीच चौकट उचलली. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एल्सा ऑअरबाख यांनी १९८६ मध्ये तिच्यावर टीका केली. असे धडे नवागताला आज्ञाधारक कामगार आणि ग्राहक बनवतात, व्यवस्थेला प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, असा या टीकेचा रोख होता. पगारातील कपातीचा तक्ता पाठ करून घेणे वेगळे आणि कपात चुकली तर कोणाला काय विचारायचे हे शिकवणे वेगळे, हे लक्षात घेता टीकेत तथ्य दिसते.

अध्यापनातील मुख्य अडचण बहुधा संख्यावाचनाची असते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतील फरक बराचसा आघातावर अवलंबून असतो; फोनवर रक्कम ऐकताना तो निसटतो. मराठी माणूस ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो, इंग्रजीत दशक आधी येते. शिवाय लाख-कोटीचे स्वल्पविराम मोडून हजार-मिलियनचे घालावे लागतात. दक्षिण अमेरिकेतील बऱ्याच देशांत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजार वेगळे करण्यासाठी बिंदू वापरतात, त्यामुळे १.२५० ही त्या विद्यार्थ्याच्या लेखी साडेबाराशेची रक्कम ठरते. स्पॅनिशमधील ‘बियोन’ म्हणजे इंग्रजी ‘बिलियन’ नव्हे, त्याच्या हजारपट. तारखेत महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी रीतीमुळे ०४/०५ हा हप्ता ४ मेचा की ५ एप्रिलचा, असा घोळ होतो. शब्दही दगा देतात: ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज आणि रस, ‘बिल’ म्हणजे देयक आणि नोटही.

पगारपत्रकाच्या पाठात एकूण वेतन व हाती येणारे वेतन यांतील अंतर समजावतात; सामाजिक सुरक्षा (६.२ टक्के) आणि मेडिकेअर हा मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा (१.४५ टक्के) या कपाती त्यात ठळक असतात. पतगुणांकाचा, म्हणजे कर्जफेडीबाबतची विश्वासार्हता दाखवणाऱ्या आकड्याचा (साधारणतः ३०० ते ८५०), पाठ अवघड जातो, कारण गाठीला पैसा असूनही अमेरिकेत कर्ज घेऊन फेडल्याची नोंद नसेल तर पत शून्यातूनच उभी करावी लागते.

नवागताला पैशाचे भान नसते, हे गृहीतक बहुतेक पाठ्यसाहित्यात डोकावते; ते टिकणारे नाही. मेक्सिकन लोकांची ‘तांदा’, कॅरिबियन ‘सुसू’, चिनी ‘हुई’ या सगळ्या आपल्याकडच्या भिशीच्याच जातीच्या. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्‌झ यांनी १९६२ मध्ये अशा मंडळांचा विचार शेतकरी व व्यापारी अर्थव्यवस्थांमधला दुवा म्हणून केला. त्यांतले हप्ते वेळेवर भरले तरी पतनोंदीत ते सहसा येत नाहीत. जाणते शिक्षक पाठाची सुरुवात भिशीपासून करतात.

अमेरिकेच्या संघीय ठेवविमा महामंडळाचा ‘मनी स्मार्ट’ हा अभ्यासक्रम २००१ पासून उपलब्ध आहे. कॅनडात १९९२ पासून नवागतांसाठी शासकीय भाषावर्ग चालतात. त्यांतही बँक व खरेदी हे विषय येतात. तेथे फेब्रुवारी २०१३ मध्ये एक सेंटच्या नाण्याचे वितरण थांबले. तेव्हापासून रोख रक्कम पाच सेंटच्या पटीत धरतात, कार्डावर मात्र सेंटन्‌सेंट जातो. सुट्या पैशांचा धडा तेवढ्यापुरता नव्याने लिहावा लागला.