तंबू गळतो की तंबूला घाम सुटतो?

जानेवारीत तापोळ्याला मुक्काम करून आलेला माणूस सोमवारी भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तंबू गळला राव." पाऊस होता का? "नव्हता, पण सकाळी आतून ओलाचिंब." मग नव्या, महागड्या तंबूच्या किमती निघतात. साताऱ्यात जानेवारीतल्या कोरड्या रात्री तंबू गळेल कशाने? हा घोळ इतक्या जणांकडून ऐकलाय की आता सगळं सविस्तर लिहितोच.

गळतीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? मे महिन्यात घर शाकारताना पाहिलेल्या माणसाला ती कळते. पाऊस असला तरच ती होते आणि तिची एक जागा असते: शिवण, चेनची कड, नाहीतर कोपरा. शिवणीची भोकं बुजवणारा सीलर लावायचा, फ्लाय म्हणजे तंबूवरचं बाहेरचं कापड ताणून बांधायचं, खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू द्यायची नाही; डोकावली तर वरून ओघळलेलं पाणी थेट अंगाखाली येतं. तंबूवर १५००, ३००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो, म्हणजे ते कापड तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ अडवतं. खात्री करायची तर गच्चीवर तंबू उभारून पाइपने पाणी मारा. गळतीचं एवढंच.

आता घाम. स्वयंपाकघरात माठ आणि फ्रिजमधून काढलेला स्टीलचा तांब्या शेजारी ठेवा. दोन्ही बाहेरून ओले. माठाचं पाणी आतून पाझरलेलं असतं, तांब्यावरचं हवेतून आलेलं. तांब्याला भोक पडलंय असं कुणी म्हणत नाही. तंबूच्या बाबतीत मात्र सगळे तेच म्हणतात.

झोपेत एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी वाफ करून सोडतो. चौघे झोपले की लिटरभर. आत २० अंशांची हवा असेल तर एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना सुमारे ९. पहाटे गार पडलेल्या छताला ही ऊबदार हवा टेकली की न मावणारी वाफ तिथेच थेंब होऊन बसते. त्यात निरभ्र रात्री वरचं कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतं. उघड्यावर लावलेल्या मोटरसायकलची सीट सकाळी ओली असते आणि आंब्याखाली लावलेली कोरडी, ती याच कारणाने.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बामणोलीकडे कोयना धरणाच्या शिवसागर तलावाकाठी आम्ही चौघे होतो, पाण्यापासून वीसेक पावलांवर. थंडी वाजते म्हणून मेव्हण्यानं सगळ्या खिडक्यांच्या चेन गळ्यापर्यंत ओढल्या. साडेपाचला मी टॉर्च वर धरला. अख्ख्या छताला मोहरीएवढे थेंब, शिवणीवर जेवढे तेवढेच शिवणीपासून हातभर लांब. बोट फिरवलं तर धार कोपरापर्यंत आली. तेवढ्यात तलावाकडून वाऱ्याचा झोत आला, कापड थाडकन हललं आणि सगळे थेंब जाळीतून तोंडावर. मेव्हणा उठून बसला, "पाऊस आला!" बाहेर स्वच्छ चांदणं होतं.

पुढच्या महिन्यात त्यानं काय करावं? अख्ख्या तंबूवर प्लॅस्टिकचा कागद टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले. तंबू आणखी भिजला. दुकानदारानं त्याला जाड कोटिंगचा तंबू घ्यायला सांगितलं होतं. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. पाणी आत न येऊ देणारं कोटिंग वाफही बाहेर जाऊ देत नाही. गळतीवर उपाय बंद करण्याचा, घामावर उपाय उघडण्याचा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं. गरम भाकऱ्या डब्यात कोंडल्या की खालची भिजते, म्हणून आपल्याकडे त्या दुरडीत ठेवतात. तंबूचंही तसंच करायचं.

आतला भाग जाळीचा आणि वर वेगळा फ्लाय, असा दोन थरांचाच तंबू घ्या. एका थराचा स्वस्त तंबू हिवाळ्यात तलावाकाठी मी कुणालाच सुचवणार नाही. दोन थरांमध्ये वितभर मोकळी जागा राहील असा ताणून बांधा. सैल फ्लाय जाळीला चिकटला की थेंब सरळ पांघरुणावर येतात. वरची खिडकी आणि समोरासमोरची दोन तोंडं खालून चारचार बोटं उघडी ठेवा. थंडी वाजेल, मान्य. त्यासाठी कानटोपी आणि एक जादा घोंगडी न्या, चेन ओढू नका. ओले मोजे, टॉवेल आत वाळत घालू नका.

आणि तंबूत शेगडी पेटवू नका. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, पण ते सोडा. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. चहा बाहेर करा, कितीही गारठा असो.

जागा निवडताना काठाचा मोह सोडा. रात्री गार हवा उतारावरून वाहत येऊन पाण्याजवळच्या खोलगटात साचते आणि तिथली हवा आधीच दमट असते. थोडं वर चढून, वारा खेळेल अशा ठिकाणी, झाडाच्या आडोशाला तंबू लावा. वाळक्या फांद्यांखाली मात्र नको. वासोटा किल्ल्याचा बेत असेल तर हे तंबूपुराण तिथे कामाचंच नाही. तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, वनखात्याची परवानगी काढून दिवसाच जाऊन यायचं असतं.

फ्लायच्या बाहेरच्या अंगावर सकाळी पाणी दिसतं, ते दव. त्याचं काही करावं लागत नाही.

सामानात दोन जुने पंचे टाका. उठल्या उठल्या छत आतून पुसून घ्यायचं, कुणाचा धक्का लागायच्या आत. पंचा इतकं पाणी टिपतो आणि इतका लवकर वाळतो की मी त्यासाठी दुसरं काही नेत नाही. उन्हं येईपर्यंत तंबू गुंडाळू नका. निघायची घाई असेल तर ओलाच भरा, पण घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी गच्चीच्या दोरीवर टाका. तसाच आठवडाभर पिशवीत राहिला तर बुरशी धरते, कोटिंगचे पापुद्रे सुटतात, आणि मग पुढच्या पावसात तो खरोखर गळतो.