शरीर खुर्चीत, काळीज रणांगणात

ऑनलाइन गेमच्या सामन्याची शेवटची दोन मिनिटं. मुलगा खुर्चीच्या कडेवर आलाय, तळहात घामेजलेत, श्वास उथळ झालाय, छाती धडधडतेय. एवढ्या धावपळीत हलतायत ती फक्त बोटं.

पडद्यावरचा शत्रू खोटा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही अॅड्रिनलिन स्रवतं, नाडी वाढते, स्नायू ताठरतात. लाखो वर्षांपासून ही तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी होत आली आहे. इथे पळायचं कुठेच नसतं. जागेपणी बसून, रेलून किंवा लोळून केलेल्या ज्या कामाला निवांत बसण्याच्या जास्तीत जास्त दीडपट ऊर्जा लागते, त्याला शास्त्रज्ञ ‘बैठं वर्तन’ म्हणतात. बहुतेक गेमिंग त्यातच मोडतं.

या बैठेपणाचा चिंतेशी संबंध कसा जुळतो, यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मैदानावर दमेपर्यंत धावणाऱ्या मुलाला छातीतली धडधड ओळखीची असते. ती येते, थोड्या वेळात शमते, काही बिघडत नाही. ज्याला ही ओळखच नसते, त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री तीच धडधड संकटाची खूण वाटू शकते. मग धडधडीचीच भीती वाटते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. नियमित व्यायामाने ही शारीरिक लक्षणांची भीती कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

पण चिंतेचा सगळा दोष गेमिंगच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. चारचौघांत बोलायला घाबरणारी कितीतरी मुलं ऑनलाइन गेममध्ये टोपणनावाआड मोकळी होतात, म्हणून तिकडे वळतात. म्हणजे बैठेपणातून चिंता आणि चिंतेतून बैठेपण, असा हा दुहेरी रस्ता आहे. केवळ एकदाच घेतलेल्या पाहणीतून त्यातलं आधी काय आणि नंतर काय, हे उलगडत नाही.

त्यासाठी त्याच मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यावा लागतो. ब्रिटनमधल्या ४,२५७ मुलांच्या हालचाली वयाच्या १२, १४ आणि १६व्या वर्षी कमरेला बांधलेल्या यंत्राने मोजल्या गेल्या. २०२०मध्ये निष्कर्ष आले: या काळात बैठा वेळ वाढत गेला, आणि ज्यांचा तो जास्त होता त्यांच्यात १८व्या वर्षी नैराश्याची लक्षणं जास्त होती. हा अभ्यास चिंतेचा नव्हे, नैराश्याचा. पण किशोरवयात ही दोन्ही पुष्कळदा जोडीनेच येतात. त्यातली दिलासा देणारी बाब अशी, की साधं चालणं, घरातली कामं अशा हलक्या हालचालींचा संबंधही कमी लक्षणांशी आढळला.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. ११ ते १७ वयोगटातली जगभरातली सुमारे ८१ टक्के मुलं तिथवर पोहोचत नाहीत.

रात्रीचा सामना तर झोपेलाही भिडतो. या वयात शरीराचं घड्याळ आधीच उशिराकडे झुकलेलं असतं. त्यात उत्तेजित मेंदू आणि उजळ पडदा. अपुऱ्या झोपेनंतर मेंदूतला भीतीशी निगडित भाग, अमिग्डाला, अधिक तीव्र प्रतिसाद देतो.

‘ऊठ आता’ असं सामन्याच्या मध्यात ओरडून उपयोग होत नाही. ऑनलाइन सामना थांबवता येत नाही, आणि सोडला तर सवंगडी अडचणीत येतात. दोन सामन्यांमधली फट मात्र खरी असते. तेवढ्या वेळात जिने चढून-उतरून यावं आणि मनगटावर बोट ठेवून मुलाने स्वतःच मोजावं, वाढलेली नाडी किती मिनिटांत शांत होते ते.